रीडिंग थांबलं तर काय थांबतं? छावणीतून वाळूजकडे बघताना

पेट झाली, आता आरआरसीपुढे सिनॉप्सिस मांडायचाय. विषय ठरलाय 'मराठवाड्यातील उद्योगांमध्ये इंडस्ट्री ४.० चा स्वीकार' किंवा त्याच्या आसपासचा. पहिल्या प्रकरणात काय येणार हे आपल्याला न सांगताच माहीत असतं. १९९९ मध्ये केविन ॲश्टन यांनी 'इंटरनेट ऑफ थिंग्ज' हे नाव वापरलं. २०११ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या औद्योगिक मेळ्यात 'इंडस्ट्री ४.०' ही संज्ञा पुढे आली. आणि तिथून थेट उडी वाळूज एमआयडीसीत: किती कारखान्यांनी सेन्सर बसवले, किती जण बसवणार आहेत, अडचणी कोणत्या. मग प्रश्नावली, टक्केवारी, निष्कर्ष.

या पद्धतीनं प्रबंध होतो, पदवीही मिळते. पण 'सेन्सर बसवला' याला आपण 'सेन्सर स्वीकारला' असं धरून चालतो, आणि इतिहासाची खरी अडचण तिथंच सुरू होते. भिंतीवर बसवलेलं, दिवा लागलेलं, रोज आकडे पाठवणारं उपकरण कुणीच बघत नाही, अशी उदाहरणं कोणत्याही औद्योगिक वसाहतीत सापडतील. मग स्वीकाराची तारीख कोणती धरायची?

त्यासाठी या लेखात तुम्हाला एक प्रश्न देतो: या उपकरणाचं रीडिंग थांबलं, तर कामातलं काय थांबतं? काहीच थांबत नसेल, तर उपकरण बसलंय एवढंच आपण म्हणू शकतो. गाडी, मशीन, बिल, परवाना यांतलं काहीतरी थांबत असेल, तर उपकरण कामाचा भाग झालंय. हा प्रश्न हातात घेऊन आपण दीडशे वर्षांतून एक चक्कर मारू.

छावणीच का?

छत्रपती संभाजीनगरातली छावणी ही एकोणिसाव्या शतकातली, हैदराबाद कंटिंजंटच्या फौजेसाठी वसवलेली. पूर्वेला खाम नदी, तिच्या पलीकडे जुनं शहर आणि पाणचक्की. छावणीतून नगर नाक्याकडे निघालात की पुढे दहा-बारा किलोमीटरवर वाळूज. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथं सुरू झाला आणि त्याला सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या युनिट्सची रांग उभी राहिली. शिफ्टच्या बसगाड्या याच रस्त्यानं जातात.

म्हणजे छावणीत उभं राहिलं की तीन वेगळ्या काळांतली यंत्रव्यवस्था हाताच्या अंतरावर असते: पाण्याच्या नहरी, रेल्वे आणि वाळूज. शिवाय आज वाळूजमध्ये सेन्सर नुसते बसत नाहीत, बनतातही. एंड्रेस अँड हाउझर या स्विस कंपनीचे फ्लोमीटर तिथं तयार होतात. स्टरलाइटची ऑप्टिकल फायबर, म्हणजे आकडे ज्या काचेच्या तंतूतून धावतात तो तंतू, तोही तिथं बनतो. अशा गावातून 'स्वीकारा'चा इतिहास लिहायचा म्हटलं तर साहित्य कमी पडायला नको.

आधी एक मोह टाळा

पाणचक्की बघितली की हात शिवशिवतात. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी कित्येक किलोमीटर मातीच्या नळांतून आणलं, दगडी मनोऱ्यात दाबानं वर चढवलं, आणि खाली पडताना त्याच्यावर पीठ दळलं. लगेच वाक्य सुचतं: 'हीच मराठवाड्यातली पहिली स्वयंचलित यंत्रणा!' भाषणात टाळ्या मिळतात. प्रबंधात हे वाक्य टाकू नका.

कारण सोपं आहे. पाणचक्कीत पाणी हीच शक्ती आहे आणि पाणी हाच माल वाहून आणणारा. पण पाण्याबद्दलची माहिती वेगळी काढून दुसरीकडे पोचवणारं तिथं काही नाही. पाणी कमी झालं की चक्की मंद होते, आणि दळणाऱ्याला ते डोळ्यांनी दिसतं. आपला विषय सुरू होतो तिथं, जिथं मोजणारी जागा एक आणि निर्णयाची जागा दुसरी असते आणि दोघांमध्ये तार असते. आजची संज्ञा मागच्या काळावर चिकटवली की दोन्ही काळ समजायचे राहतात.

तार आणि टोकन

मनमाड ते हैदराबाद ही मीटरगेज रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली आणि छावणीच्या दक्षिणेला स्टेशन आलं. मार्ग एकेरी. एकाच रुळावर दोन्ही बाजूंनी गाड्या. आता विचार करा, समोरून गाडी येत नाहीये हे स्टेशनमास्तरला कसं कळणार?

तुम्ही म्हणाल, तारेनं. पुढच्या स्टेशनला विचारायचं, उत्तर आलं की गाडी सोडायची. पण नुसत्या तारेवर विसंबणं किती घातक ठरतं ते आधीच दिसलं होतं. १० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडमध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथं एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर आदळल्या. पंचवीसच्या आसपास माणसं मेली. तारायंत्र व्यवस्थित चालू होतं. 'तुमच्याकडची गाडी सोडा' असा निरोप सही व्हायच्या आधीच गेला, इकडून दुसरी गाडीही सुटली, आणि निरोप रद्द करायला गेले तोवर पलीकडची गाडी निघून गेली होती. माहिती पोचली, वेगानं पोचली, आणि तरी अपघात झाला.

यावर एडवर्ड टायर यांनी काढलेला उपाय १८७८ चा आहे. दोन स्टेशनांत दोन पेट्या, मध्ये विजेची तार. पेटीत चकत्या. गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात चकती असल्याशिवाय गाडी त्या टप्प्यात जाणार नाही, हा नियम. आणि चकती काढायची तर पलीकडच्या स्टेशनमास्तरनं त्याच्या पेटीवरून विजेचा झटका द्यायला हवा. एक चकती बाहेर असेपर्यंत दोन्हीपैकी कुठल्याही पेटीतून दुसरी निघतच नाही.

याच कुळातली टोकनयंत्रं भारतभरच्या एकेरी मार्गांवर दीर्घकाळ चालली. चकतीच्या जागी कुठं पोलादी गोळा आला. मोठ्या कड्याला अडकवलेल्या कातडी पिशवीत टोकन घालून ते धावत्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देणारा पोर्टर अनेकांनी पाहिला असेल.

आता आपला प्रश्न विचारा. रीडिंग थांबलं तर काय थांबतं? तार तुटली, वीज गेली, की टोकन निघत नाही, आणि टोकन नाही म्हणजे गाडी सुटत नाही. मग लेखी परवानगीची वेगळी, सावकाश पद्धत वापरावी लागते. यंत्र बिघडलं तर बिघाड सुरक्षित बाजूला झुकतो. थॉर्पच्या तारेत आणि टोकनमध्ये तंत्रज्ञानाचं अंतर फार नव्हतं. दोन्हीकडे बॅटरी, तार आणि चुंबक. फरक असा, की टोकनमध्ये माहिती कामाच्या नियमाला कुलपासारखी जोडलेली होती. तुमच्या संदर्भचौकटीत 'स्वीकार' या शब्दाची व्याख्या करायची असेल, तर मला यापेक्षा चांगलं उदाहरण ठाऊक नाही.

शून्य आणि तुटलेली तार

रेल्वेतला हा शहाणपणा कारखान्यात वेगळ्या रूपानं आला. बॉयलर, टाक्या, पाइपलाइन असलेल्या कारखान्यांत विसाव्या शतकाच्या मध्यात दाबाच्या हवेनं संदेश जायचे, ३ ते १५ पीएसआय. पुढे विजेचे आले, ४ ते २० मिलिअँपिअर. १९७० च्या दशकात हे मान रूढ झालं आणि आजही वाळूजच्या औषध कारखान्यापासून बिअरच्या कारखान्यापर्यंत ते सापडेल.

विद्यार्थी नेहमी विचारतात, ४ पासून का? सरळ ० पासून का नाही? समजा, टाकीतली पातळी मोजायची आहे. टाकी रिकामी म्हणजे ४, अर्धी म्हणजे १२, भरलेली म्हणजे २०. आता उंदरानं तार कुरतडली. प्रवाह ० झाला. ० हा या भाषेत पातळीचा आकडाच नाही, म्हणून पलीकडच्याला कळतं की टाकी रिकामी झालेली नसून तार गेली आहे. 'मला काही नाही दिसत' आणि 'मीच उरलो नाही' ही दोन वाक्यं उपकरणाला वेगळी बोलता येतात.

डिजिटल काळात हा भेद आपोआप टिकत नाही, तो मुद्दाम ठेवावा लागतो. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तेलाच्या पाइपलाइनसाठी एमक्यूटीटी ही संदेशपद्धत रचली, तेव्हा त्यांनी त्यात 'लास्ट विल', म्हणजे मृत्युपत्रासारखा निरोप ठेवला. उपकरण संपर्कातून अचानक गेलं, तर त्यानं आधीच लिहून ठेवलेला निरोप सर्व्हर इतरांना देतो. पण स्वस्तात बसवलेल्या कित्येक यंत्रणांत असं काही नसतं. तार गेली की पडद्यावर शेवटचा आकडा तसाच गोठून राहतो, नाहीतर एक्सेलमध्ये ० पडतो.

म्हणून संख्यात्मक काम करणाऱ्यांना एक सांगणं. कारखान्यातून डेटा मिळाला की सरासरी काढायच्या आधी तीन गोष्टी वेगळ्या करा: खरं शून्य, रिकामी जागा, आणि तासन्‌तास न बदललेला आकडा. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. आणि ती किती वेळा येते हेच तुमचं निरीक्षण असू शकतं, कारण गोठलेला आकडा दोन दिवस कुणाच्या लक्षात आला नसेल, तर ते रीडिंग कुणाच्याच कामाला जोडलेलं नव्हतं.

बिलानं शिकवलेला सेन्सर

लहान उद्योजक तंत्रज्ञान स्वीकारत नाहीत, त्यांची मानसिकता नसते, हे वाक्य प्रबंधांत फार दिसतं. ते लिहायच्या आधी कारखान्याच्या विजेच्या पॅनेलकडे जा. तिथं बहुधा 'एपीएफसी' असं लिहिलेलं एक कपाट असेल. हे काय करतं? येणारा प्रवाह आणि दाब सतत मोजतं, पॉवर फॅक्टर काढतं, आणि तो घसरला की आपणहून कपॅसिटर जोडतं, वाढला की तोडतं. मोजणं, ठरवणं, करणं, तिन्ही माणसाशिवाय. इंडस्ट्री ४.० च्या प्रश्नावलीत याचा उल्लेखही नसतो.

मग हे कपाट का बसलं? बिलामुळं. महावितरणच्या दरपत्रकात उच्चदाब ग्राहकांना पॉवर फॅक्टर ०.९० च्या खाली गेला तर दंड, आणि १ च्या जवळ ठेवला तर ७ टक्क्यांपर्यंत सवलत अशी रचना बरीच वर्षं होती. १ एप्रिल २०२० पासून उच्चदाब ग्राहकांचं बिल केव्हीएएच या मापावर आलं. हिशोब बघा: १०० किलोवॉटचा भार ०.९० पॉवर फॅक्टरवर तासभर चालवला तर मोजमाप १११ वर जातं. तोच भार १ वर चालवला तर १०० वरच राहतं. हा फरक दर महिन्याच्या बिलात छापून येतो. उपकरण बिघडलं तर तीस दिवसांत कळतं, आणि कुणीतरी इलेक्ट्रिशियनला फोन करतंच.

याच मीटरचा दुसरा परिणाम माणसांवर झाला. हे मीटर युनिट किती वापरले ते मोजतं, तसंच कोणत्या वेळी वापरले हेही मोजतं. गेल्या दशकातल्या दरपत्रकांत उच्चदाब उद्योगांना रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत युनिटमागे दीड रुपया सवलत होती, आणि संध्याकाळी ६ ते १० मध्ये १ रुपया १० पैसे जादा आकार. भट्टी, हीट ट्रीटमेंट अशी वीज खाणारी कामं रात्रीकडे ढकलणं मग मालकाला परवडतं. रात्रपाळीला भट्टीवर उभा राहणारा कामगार कोणत्याही 'स्मार्ट' प्रकल्पाचा लाभार्थी म्हणून मोजला जात नाही. तरी त्याची झोप एका मीटरनं हलवलेली असू शकते. स्वीकाराचा इतिहास लिहिताना हा माणूस राहून जाऊ देऊ नका.

मोटर आली, शाफ्ट तसाच

इथं अर्थशास्त्राच्या इतिहासातलं एक काम उपयोगी पडतं. पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये डायनामो आणि संगणक यांची तुलना करणारा निबंध लिहिला. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं वीजकेंद्र १८८२ चं. तरी १९०० च्या सुमारास अमेरिकी कारखान्यांच्या यांत्रिक शक्तीत विजेच्या मोटरींचा वाटा जेमतेम ५ टक्के होता, आणि तो निम्म्यावर जायला १९२० उजाडलं. उशीर का? आधी लोकांनी वाफेचं इंजिन काढून तिथं एक मोठी मोटर ठेवली. छताखालचा लांब शाफ्ट, पट्टे, मशीनची मांडणी, सगळं पहिल्यासारखंच. फायदा दिसला तो प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर मिळाली आणि कारखान्याची मांडणीच बदलली तेव्हा.

हे वाळूजच्या शॉपफ्लोअरवर लावून बघा. सीएनसी मशीनला काउंटर जोडला. साहेबाच्या केबिनमध्ये टीव्हीवर ओईई दिसू लागलं. ओईई म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार: मशीन उपलब्ध किती, वेग किती, चांगला माल किती. ०.९० गुणिले ०.९५ गुणिले ०.९९, म्हणजे साधारण ०.८५. जपानी अभियंता सेइइची नाकाजिमा यांच्यामुळं हा ८५ टक्क्यांचा आकडा जगभर आदर्श म्हणून रूढ झाला. पण टूल कधी बदलायचं, मेंटेनन्सवाल्याला कुणी बोलवायचं, टार्गेट कुणी ठरवायचं, हे जर जुन्याच पद्धतीनं चाललं असेल, तर टीव्ही म्हणजे नव्या मोटरवर जुना शाफ्ट.

शिवाय हा आकडा यंत्र एकटं तयार करत नाही. मशीन थांबलं की ऑपरेटरला कारणाचं बटण दाबावं लागतं: टूल बदल, माल नाही, वीज नाही, ऑपरेटर नाही. मशीन बंद होतं हे सेन्सरला कळतं, का बंद होतं हे माणूस सांगतो. आणि 'ऑपरेटर नाही' हे बटण स्वतःच्या हातानं दाबल्यावर आपलं काय होईल, हे माणसाला नीट कळतं. शोशाना झुबॉफ यांनी १९८८ च्या पुस्तकात अमेरिकी कागद गिरण्यांतल्या कामगारांबद्दल लिहिलंय. लगदा हातानं चाचपून, वासानं ओळखणारी ही माणसं काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसवली गेली, आणि त्यांचं ज्ञान आकड्यांत किती उतरलं, किती निसटलं, हा तिथला प्रश्न आहे. आपल्याकडे लेथवरचा जुना ऑपरेटर 'आवाज बदललाय' म्हणतो ना, ते वाक्य मुलाखतीत जसंच्या तसं टिपून घ्या. त्याचं लगेच 'व्हायब्रेशन मॉनिटरिंग' असं भाषांतर करू नका.

सांडपाण्यावरचा डोळा

आता सगळ्यात अवघड उदाहरण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं ५ फेब्रुवारी २०१४ रोजी राज्य मंडळांना निर्देश दिले: अतिप्रदूषणकारी मानल्या गेलेल्या १७ प्रकारच्या उद्योगांनी धूर आणि सांडपाणी यांचं सतत, ऑनलाइन मोजमाप करावं. औषधं, मद्यार्क, साखर हे आपल्या भागातले प्रकार या यादीत आहेत. सांडपाणी प्रक्रियेनंतर जिथून बाहेर पडतं तिथं पीएच, सीओडी, बीओडी, तरंगते घन पदार्थ आणि प्रवाह मोजायचा, आणि आकडे थेट मंडळांच्या सर्व्हरवर. मर्यादा ओलांडली की एसएमएस.

कागदावर हे टोकनयंत्रासारखं वाटतं. कारखाना इथं, निर्णय तिथं, मध्ये तार. पण आपला प्रश्न विचारा. रीडिंग थांबलं, किंवा वाढलं, तर काय थांबतं? एसएमएस जातो. मग नोटीस येऊ शकते. व्हॉल्व्ह आपोआप बंद होत नाही.

आणि खटला? इथं १९७४ चा जल प्रदूषण प्रतिबंध कायदा वाचायला हवा, कलम २१. नमुन्याच्या पृथक्करणाचा निकाल कोर्टात पुरावा म्हणून चालायचा असेल तर ठरलेली पद्धत पाळावी लागते: आधी सूचना द्यायची, कारखान्याच्या माणसासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, बाटल्या सीलबंद करायच्या, दोघांनी सह्या करायच्या, मग प्रयोगशाळा. कायद्यानं ज्याची कल्पना केली ती बाटली आणि लाखेचं सील. दर पंधरा मिनिटांनी येणारा आकडा त्या कलमाच्या चौकटीत बसत नाही. सेन्सर चोवीस तास जागा, आणि तरी साक्षीला बाटलीच लागते.

यामागे केवळ सरकारी सुस्ती आहे असं मानू नका. ऑनलाइन सीओडी-बीओडी मोजणारी बरीच उपकरणं पाण्यातून प्रकाश किती शोषला जातो त्यावरून अंदाज काढतात, आणि तो अंदाज त्या विशिष्ट सांडपाण्यासाठी प्रयोगशाळेतल्या निकालाशी जुळवून घ्यावा लागतो. भिंग घाण झालं की आकडा सरकतो. अशा आकड्यावर कारखाना आपोआप बंद केला तर उद्या खोट्या इशाऱ्यानं शंभर माणसांची पाळी वाया जाईल, हा उद्योगाचा आक्षेप खरा आहे. धोकादायक प्रक्रियांमध्ये अभियंते यावर उत्तर काढतात ते असं: एकाच जागी तीन सेन्सर, आणि त्यांतले दोन एकच सांगत असतील तरच यंत्रणा बंद. म्हणजे कुलूप लावायचं ठरवलं तर ते लावण्याची रीत आहे. तिचा खर्च कुणी करायचा आणि ती कुणाच्या हिताची, हा राजकारणाचा भाग झाला.

दुसरी बाजूही बघा. सेन्सर एका ठरलेल्या तोंडावर बसलेला असतो. पाणी दुसऱ्या वाटेनं, टँकरनं, रात्री नाल्यात गेलं, तर सेन्सर शांत आणि आकडे उत्तम. खाम छावणीच्या कडेनं जाते आणि पुढे गोदावरीकडे. जायकवाडीचं पाणी शहर पितं आणि उद्योगही तेच वापरतात. नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी बदललं तर शेतकऱ्याला ते रंगावरून, वासावरून कळतं, पण त्याच्याकडे सर्व्हर नाही. तुमच्या प्रबंधात दोघांच्याही नोंदी शेजारीशेजारी हव्यात.

कशाच्या ५० टक्के?

एप्रिल २०१६ आठवा. मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी जात होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्यनिर्मिती उद्योगांच्या पाण्यात आधी ५० टक्के, मग ६० टक्के कपातीचा आदेश दिला. इतर उद्योगांना त्याहून कमी कपात.

बातमी म्हणून हे वाचून आपण पुढे जातो. संशोधक म्हणून थांबा आणि विचारा: कशाच्या ५० टक्के? मंजूर कोट्याच्या, की प्रत्यक्ष वापराच्या? वापर कुठल्या मीटरवर मोजलेला, कोणत्या महिन्याचा, मीटर कुणाच्या ताब्यातला? टक्केवारीत दिलेला प्रत्येक आदेश एखाद्या मीटरवर उभा असतो. दुष्काळात त्या मीटरला जे वजन येतं ते सुकाळात नसतं. म्हणजे आपल्या प्रश्नाचं उत्तर एकाच उपकरणाबाबत वर्षानुवर्षं एकच राहील असंही नाही.

२०१९ मध्ये शेंद्र्यातल्या ऑरिक हॉलचं उद्घाटन झालं. शेंद्रा आणि बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांचं हे औद्योगिक शहर पहिल्यापासूनच 'स्मार्ट' म्हणून आखलेलं आहे. तिथं उपकरणं मागाहून बसवायची नाहीत, आराखड्यातच आहेत. तुमच्यापैकी कुणी ऑरिक निवडलं तर वाळूजशी तुलना करण्याची ही फार चांगली संधी आहे. पण उपकरणांची यादी करून थांबू नका. त्यांतल्या प्रत्येकापुढे आपला प्रश्न लिहा.

साधनं कुठं शोधायची

कंपनीची माहितीपत्रकं आणि उद्घाटनाच्या बातम्या तुम्हाला बसवल्याची तारीख देतील. वापराचा इतिहास दुसऱ्या कागदांत असतो. वीजबिलांची दहा वर्षांची चळत मागा. पाण्याची बिलं मागा. उपकरणावरचं कॅलिब्रेशनचं स्टिकर बघा, पुढची तारीख उलटून गेली आहे का. देखभालीचा वार्षिक करार कधी थांबला ते विचारा. बहुतेक वेळा उपकरण तिथंच मेलेलं असतं, फक्त काढून टाकलेलं नसतं. शिफ्टची लॉगबुकं बघा. संगणक आल्यावरही वहीत आकडे लिहिणं चालू राहिलं का? राहिलं असेल तर 'जुनी सवय' म्हणून ते मोडीत काढू नका, वहीवर विश्वास का टिकला ते विचारा. प्रदूषण मंडळाची संमतीपत्रं आणि न्यायालयाचे निकाल वाचा, त्यांत मोजमापाच्या अटी शब्दाशब्दानं असतात.

आणि मुलाखतीत 'तुम्ही आयओटी स्वीकारलंय का?' असं विचारू नका. त्याला 'हो' हेच उत्तर येतं, कारण 'नाही' म्हणायला कुणालाच आवडत नाही. त्याऐवजी विचारा, 'मागच्या वेळी हे बंद पडलं तेव्हा काय झालं? सगळ्यात आधी कुणाला कळलं? दुरुस्त व्हायला किती दिवस लागले, आणि तोवर काम कसं चाललं?' या चार उत्तरांत तुम्हाला उपकरणाची खरी जागा दिसेल, आणि त्याच्याभोवतीची माणसंही.

सिनॉप्सिस लिहायच्या आधी एक सराव करा. तुमच्या ओळखीतला एकच कारखाना घ्या, वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा, कुठलाही. त्यातल्या पाच उपकरणांची नावं एका खाली एक लिहा. समोर बसवल्याचं वर्ष. त्याच्यासमोर, रीडिंग थांबलं तर काय थांबतं. तिसरा रकाना भरता आला नाही, तर तो कोरा ठेवून आरआरसीपुढे जा आणि सांगा की हा रकाना भरण्यासाठी मला तीन वर्षं हवी आहेत.